शाहिराची नाममुद्रा कापू नका!

आंबेडकरी चळवळ सभा, परिषदा आणि मोर्चांनी उभी राहिली तशीच ती गाण्यांनीही उभी राहिली. ज्या काळात आमच्या वस्तीत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी वाचून दाखविणारा माणूस शोधावा लागत होता, त्या काळात जलसाकारांनी, कव्वालांनी आणि खेडोपाडीच्या गायन पार्ट्यांनी बाबासाहेबांचा विचार घराघरांत नेला. नामांतराच्या लढ्यात, म्हणजे २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतच्या सोळा वर्षांत, मराठवाड्यातल्या माणसाला धीर देण्याचे काम पुढाऱ्यांच्या भाषणांइतकेच या गाण्यांनी केले. आज १४ एप्रिल आला की तीच गाणी गल्लोगल्ली वाजतात. परंतु वाजणारे गाणे कुणी लिहिले, असा प्रश्न मिरवणुकीत विचारून पाहावा. कोणत्या कंपनीचे आहे ते सांगतात, कोणत्या गायकाचे आहे ते सांगतात. लिहिणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांना सांगता येते.

हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही. तो कायद्याचा आहे, पैशाचा आहे आणि आमच्या इतिहासाचाही आहे.

परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळा येथे जयंतीच्या तयारीच्या बैठकीला आम्ही गेलो असता तेथील गायन पार्टीच्या तरुणांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा की, आम्ही स्वतः लिहिलेले, स्वतः गायिलेले गाणे मोबाईलवरून टाकले, तर एका कंपनीने त्यावर हक्क सांगून आवाज बंद केला, हे कसे? दुसरा, आमच्या वडिलांनी लिहिलेली गाणी कॅसेटच्या जमान्यात एकाने नेली, त्यावर वडिलांचे नाव नाही आणि पैसाही आला नाही, आता काही करता येईल काय? तिसरा, वामनदादांची गाणी आम्ही मंचावर गायिलो तर तो गुन्हा होतो काय? हे तिन्ही प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक भीमनगरात विचारले जात असणार, म्हणून त्यांची उत्तरे येथे जाहीरपणे देणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी कायदा समजून घेऊ. कॉपीराइटला शासकीय मराठीत प्रताधिकार म्हणतात, वर्तमानपत्रे स्वामित्व हक्क म्हणतात. आज लागू असलेला कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. हा हक्क कल्पनेला मिळत नाही, कल्पना ज्या शब्दांत, ज्या स्वरांत मांडली त्या मांडणीला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा हे विषय कुणाच्याही मालकीचे नाहीत. त्यावर हजार कवींनी हजार गाणी लिहावीत. परंतु त्यातल्या प्रत्येक गाण्याचे शब्द ज्याचे त्याचे आहेत.

हा हक्क रचना केल्याबरोबर आपोआप मिळतो. त्यासाठी दिल्लीला नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. मात्र वाद उभा राहिला की न्यायालय पुरावा मागते, आणि आमचा शाहीर येथेच हरतो. त्याने गाणे बैलगाडीत, गिरणीत, उसाच्या फडात रचले. ते तोंडपाठ राहिले, कागदावर कधी उतरलेच नाही. पुढे जो कागदावर उतरवितो, तो मालक म्हणून उभा राहतो.

एका गाण्यात एक नव्हे, चार हक्क असतात. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा हक्क संगीतकाराचा, गाण्याच्या सादरीकरणाचा हक्क गायकाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करविणाऱ्या कंपनीचा. शब्दांचा आणि चालीचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे, तर गायकाचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षे. हे चार धागे वेगळे करता आले की तरुणांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यांचे शब्द त्यांचे होते, आवाज त्यांचा होता, पण चाल एका गाजलेल्या सिनेगीताची होती. यंत्राने चाल ओळखली आणि कंपनीचा दावा पुढे आला.

सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चाल आधीच लोकांच्या ओठावर असल्याने विचार लवकर पोहोचतो, हे त्यामागचे कारण होते आणि त्या काळी ते योग्यही होते. परंतु आता गाणे मंचावर विरून जात नाही, ते मोबाईलवर साठते आणि त्याचा हिशेब होतो. म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे की, ओवी, पाळणा, पोवाडा, भारूड, भजन यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लोकचाली कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या वापरा. किंवा स्वतःची चाल बांधा. उसन्या चालीवर उभे केलेले घर घरमालक केव्हाही रिकामे करून मागू शकतो.

दुसरा प्रश्न कराराचा आहे. आमच्या बीड जिल्ह्याला हा विषय वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून उचल घेतो. हंगाम संपतो, पण उचल फिटत नाही, कारण हिशेबाची वही मुकादमाकडे असते. कॅसेटच्या काळात आमच्या कवींचे आणि गायकांचे असेच झाले. हातात एकरकमी पैसे ठेवायचे, बॉण्डवर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि त्यानंतर कॅसेटी किती खपल्या याचा हिशेब कुणी विचारायचा नाही. फरक एवढाच की फडातला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा फडात दिसायचा. गाण्यातला माणूस मात्र गाण्यातून कायमचा बेपत्ता व्हायचा.

परंतु कायदा वाटतो तितका कंपनीच्या बाजूचा नाही. कलम १९ सांगते की हक्काचे हस्तांतरण लेखीच असले पाहिजे आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही असली पाहिजे. तोंडी बोलण्याने मालकी जात नाही. कोणती रचना, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे करारात लिहावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. हा नियम १० मे १९९५ रोजी लागू झालेल्या दुरुस्तीनंतरच्या करारांना लागू आहे. त्याआधीच्या करारात मूळ कागदच पाहावा लागतो. पुढे २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर फार मोठी गोष्ट केली. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कुणालाही लिहून देता येणार नाही अशी तरतूद केली. कंपनीने तसे लिहून घेतले तरी त्या लिहिण्याला किंमत नाही. ही दुरुस्ती मुंबईच्या सिनेमातील नामवंत गीतकारांच्या पाठपुराव्यामुळे झाली, पण तिचा लाभ सिरसाळ्याच्या कवीलाही तेवढाच आहे. कायद्यात ‘नामवंत गीतकार’ असे कोठेही लिहिलेले नाही.

आणखी एक तरतूद आमच्या लोकांना ठाऊकच नाही. कलम ६२ प्रमाणे हक्क डावलला गेलेला माणूस स्वतः जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करू शकतो. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, गरीब कवीने तिच्या दारात जाऊन भांडायचे कारण नाही. जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्याला कलम ६३ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. साहित्यकृतीच्या नोंदणीची फी ५०० रुपये आहे. नोंदणी सक्तीची नसली तरी न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते. मंडळाने एका कवीची गाण्यांची वही नोंदवायची ठरविली, तर हा खर्च जयंतीच्या बॅनरवर होणाऱ्या खर्चापुढे काहीच नाही.

आता तिसरा प्रश्न. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत टिकणार आहे. ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांना अर्पण करणारे अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले, त्यांच्या साहित्यावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. म्हणून ही गाणी, ही पुस्तके परवानगीशिवाय छापून विकणे चूकच आहे. पण गाणे? कलम ५२ मध्ये कायद्याने काही मोकळीक ठेवली आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेले सादरीकरण हक्कभंगात मोडत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतील सादरीकरणही मोडत नाही, आणि विवाहाची वरात त्यात धरली आहे. केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून लग्नसमारंभाबाबत ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. तेव्हा बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयात कुणी हक्काच्या नावाने पैसे मागायला आला तर त्याला हे कलम दाखवा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गल्लीतली मुले हार्मोनियम, ढोलकी घेऊन फुकट गातात, त्यांना कायदा संरक्षण देतो. हजारो रुपये मोजून आणलेल्या डीजेला ते संरक्षण तितक्या सहज मिळत नाही. जे सांगून आमचे कार्यकर्ते थकले, तेच कायदा वेगळ्या भाषेत सांगतो आहे. जलसा मोकळा आहे, डीजे मोकळा नाही.

एवढे झाल्यावरही मुख्य गोष्ट राहतेच. ती पैशाची नसून नावाची आहे. आमच्या परंपरेत हा प्रश्न फार पूर्वी सोडविलेला होता. चौदाव्या शतकातील चोखोबांनी आपले नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात गुंफले, सोयराबाईंनी आपली ओळख तशीच गुंफली. तीच रीत पुढे शाहिरांनी आणि भीमगीतकारांनी चालविली. वामनदादांच्या गाण्यातही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ज्यांना छापखाना परवडत नव्हता, ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्यांनी आपले नाव गाण्यातच कोरून ठेवले. गाणे सर्वांनी गावे, परंतु शेवटच्या कडव्यापर्यंत गावे, म्हणजे नाव आपोआप उच्चारले जाते. हा आमचा कॉपीराइट होता. इंग्लंडमध्ये पहिला कॉपीराइट कायदा १७१० साली झाला. आमची नाममुद्रा त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आज काय होते? गाणे कंटाळवाणे होऊ नये म्हणून दोन कडवी घेतली जातात आणि शेवटचे कडवे गाळले जाते. रिमिक्समध्ये तर धृपदाशिवाय काही उरतच नाही. जे कडवे गळते त्यातच कवी बसलेला असतो! काही महाभाग तर जुन्या कवीचे नाव काढून त्या जागी स्वतःचे किंवा देणगीदार पुढाऱ्याचे नाव बसवितात. ही चोरी प्रस्थापितांनी केलेली नाही. ती आमच्याच मंचावर, निळ्या झेंड्याखाली होते, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी पुसला, त्या समाजाने आपल्याच कवीचे नाव पुसावे, हे कोणत्या आंबेडकरवादात बसते?

कायद्याचे कलम ५७ येथे आमच्या परंपरेच्या बाजूने उभे आहे. हक्क विकला तरी रचनाकार म्हणून आपले नाव लागण्याचा आणि रचनेची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागत असल्यास ती रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी हा अधिकार बजावू शकतात. म्हणून ज्या तरुणाच्या वडिलांची गाणी कॅसेटवाल्याने नेली, त्याचे पैसे मिळणे आज कागदावर अवलंबून असेल, पण वडिलांचे नाव मागण्याचा त्याचा अधिकार कायम आहे.

नाव कसे जपावे याचा चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पुढे ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. ओवी कुणी गायिली, तिचे गाव कोणते, केव्हा नोंदविली, हे त्यांनी सोबत लिहिले. अक्षरओळख नसलेल्या, मजुरीवर जगणाऱ्या बायांची नावे त्यांच्या ओव्यांसह राहिली. त्यासाठी कोर्टकचेरी लागली नाही. लिहून घेणाऱ्याची नियत साफ असावी लागली, एवढेच.

याचा अर्थ प्रत्येक गोष्ट कुलुपात ठेवावी असा कुणी घेऊ नये. कॉपीराइटची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हाला जवळून भोगावी लागली आहे. महात्मा जोतीराव फुले १८९० साली गेले, त्यांचे साहित्य केव्हाच सर्वांचे झाले. बाबासाहेबांच्या साहित्याचे तसे झाले नाही. निधनानंतर ५० वर्षे ही मूळ मुदत राहिली असती तर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २००६ च्या अखेरीस मुक्त झाले असते. परंतु रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य १९९१ अखेर मुक्त होणार म्हणून सरकारने मुदत ६० वर्षे केली, आणि त्या दहा वर्षांत बाबासाहेबांचे ग्रंथही अडकले. ते २०१७ च्या १ जानेवारीपासून मुक्त झाले. ‘जातिभेद निर्मूलन’ हे भाषण लाहोरच्या मंडळाने होऊ दिले नाही म्हणून बाबासाहेबांनी १९३६ साली स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. ज्यांनी पदरमोड करून पुस्तक लोकांपर्यंत नेले, त्यांच्या ग्रंथांसाठी शासनाच्या दारात ताटकळावे लागावे, आणि छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागावी, याला काय म्हणावे?

मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. मूळ इंग्रजी ग्रंथ मुक्त झाला म्हणजे त्याचा मराठी अनुवाद मुक्त झाला असे होत नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा आहे, त्याची मुदत वेगळी आहे. तसेच जे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही, त्याला कलम २४ लागते आणि मुदत प्रथम प्रसिद्धीपासून मोजली जाते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ शासनाने १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केले. कलमाचे सरळ वाचन केले तर त्याची मुदत २०४७ च्या अखेरीस संपते. स्वस्त आवृत्त्या काढणाऱ्या आमच्या प्रकाशक मित्रांनी हे पाहूनच काम करावे. विद्यार्थ्यांनी मात्र घाबरू नये. शिकण्या-शिकविण्याच्या ओघात लागणाऱ्या पानांच्या प्रती काढण्यास कायद्यात मुभा आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला आहे.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. विचार मोकळा असावा, पुस्तक स्वस्त असावे, गाणे सर्वांनी गावे. पण ज्याने ते घडविले त्याचे नाव आणि त्याची मजुरी कुणी कापू नये. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने कवीचे श्रम फुकटचे समजू नयेत. मंचावरच्या पाहुण्याला गाडीभाडे, मानधन, शाल, श्रीफळ मिळते. गाणे लिहिणाऱ्याला साधे ‘हे गाणे अमुकचे’ एवढेही मिळू नये?

यासाठी फार मोठ्या संघटनेची गरज नाही. प्रत्येक जयंती मंडळाने ठराव करावा की गाण्यापूर्वी कवीचे नाव जाहीर होईल आणि शेवटचे कडवे गायिल्याशिवाय गाणे संपणार नाही. तालुक्यातील हयात कवींच्या आणि दिवंगत कवींच्या वारसांच्या घरी जाऊन वह्या उतरवून घ्याव्यात, त्यावर नाव, गाव, तारीख घालावी. वही नसेल तर म्हाताऱ्या माणसाला गायला लावून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे आणि तेथेच त्याच्या तोंडून त्याचे नाव वदवून घ्यावे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा. आणि समाजाच्या जोरावर एलएल.बी. झालेल्या आमच्या वकील बांधवांनी वर्षातून एक दिवस तरी या कामासाठी द्यावा, फी न घेता.

म्हातारे शाहीर एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर गाणीही जात आहेत आणि नावेही. गेलेले नाव कोणतेही न्यायालय परत आणून देऊ शकत नाही. येत्या जयंतीची वाट न पाहता हे काम आजच हाती घ्यावे, एवढीच तमाम आंबेडकरी जनतेला विनंती.

जयभीम!